वहाळावरचा बंधारा

आमच्या राजापूर तालुक्यात पाऊस ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, तरी एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो. जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं. म्हणून भातकापणी उरकली, की मी वहाळावर, म्हणजे लहान ओढ्यावर, पिशव्यांचा बंधारा घालते.

जागा अरुंद, दोन्ही काठ उंच आणि तळाला कातळ असलेली बघा. तळातली वाळू, पातेरा (पालापाचोळा) हातांनी उपसून कातळ उघडा करा. इथे कंटाळा केलात तर सगळं पाणी खालून जातं. खताच्या रिकाम्या पिशव्या माती-वाळूने पाऊणच भरा, तोंड सुतळीने शिवा. गच्च भरलेली पिशवी दगडासारखी बसते, फटी राहतात. पाऊण भरलेली पायाने दाबली की शेजारणीला चिकटते. भिंतीतल्या चिऱ्यांसारखा सांधमोड करत, म्हणजे खालच्या सांध्यावर वरची पिशवी येईल असे, थर लावा, फटींत पेंढा कालवलेली चिकणमाती लिंपा. मधला भाग वीतभर खाली ठेवा, जादा पाणी तिथूनच जाऊ दे.

अडलेल्या पाण्यावर चवळी, मुळा, लाल माठ होतो, आणि विहीरही उशिरा आटते.

मे संपायच्या आत पिशव्या काढाच. एका वर्षी माझ्या राहिल्या. पहिल्याच पावसात पाणी बाजूने फुटलं, मळीची मेर (वहाळाकाठच्या शेताचा बांध) गेली आणि प्लास्टिक खाडीत.