डोंगरी शेतासाठी जुनं हार्वेस्टर घेताना आणि सांभाळताना

मावळ, भोर, इगतपुरी, अकोले या पट्ट्यात भात कापायला माणूस मिळणं दर वर्षी अवघड होत चाललंय. ऑक्टोबरात हळवं भात पिकतं, मग निमगरवं, आणि नोव्हेंबरात गरवं. मध्येच परतीचा पाऊस येतो आणि उभं पीक आडवं करून जातो. म्हणून चार-पाच जण मिळून जुनं कम्बाइन हार्वेस्टर, म्हणजे कापणी आणि मळणी एकदम करणारं मशीन, घ्यायचं ठरवतात. विचार चांगलाच आहे. फक्त सपाट मुलखातला हिशेब इथे लावू नका. भाताचं खाचर पाणी धरण्यासाठीच केलेलं असतं, त्यामुळे ते आतून जवळजवळ समतल असतं. खरा डोंगर लागतो तो वाटेत: बांधावर, ओढ्याच्या उतरणीला, टेम्पोतून मशीन खाली घेताना. त्यामुळे मशीन मळणी किती छान करतं हे नंतर पाहा. ते चढतं कसं आणि उतारावर थांबतं कसं, हे आधी पाहा.

आधी वाट मोजा

मशीन शोधण्यापूर्वी टेप घेऊन शेतावर जा. गाडीरस्त्यापासून पहिल्या खाचरापर्यंतची सर्वांत अरुंद जागा, सर्वांत उंच बांध आणि सर्वांत लहान खाचर, तिन्ही मापं वहीत लिहा. ६०-७० एचपीच्या ट्रॅकवाल्या (चाकांऐवजी रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या) मशीनची कापणीची रुंदी सुमारे दोन मीटर असते आणि वजन तीन टनांच्या आसपास. वाटेतली मोरी एवढं वजन पेलेल का, हेही पाहून ठेवा. माझ्या मते पाच गुंठ्यांपेक्षा लहान खाचरात हे मशीन नेऊ नये. वळण्यातच वेळ जातो आणि ओल्या मातीत खड्डे पडतात. तिथे रीपर (फक्त कापणी करणारं छोटं यंत्र) किंवा विळाच बरा. नाचणी-वरईच्या वरकस उतारांवर तर कम्बाइनचा विचारही नको.

पेंढ्याबद्दलही घरात आधीच बोलून घ्या. अख्खं पीक मळणीच्या ड्रममध्ये घेणारं मशीन पेंढ्याचे तुकडे करतं. गोठ्यात जनावरं असतील आणि लांब पेंढा लागत असेल, तर काही खाचरं हातकापणीसाठी राखून ठेवा.

चाकाचं की ट्रॅकचं

पंजाबात, विशेषतः नाभा परिसरात, कम्बाइन बनवणारे बरेच कारखाने आहेत. तिकडची १४ फुटी कटरबारची (पुढच्या कापणीच्या पट्टीची) चाकाची मशीनं जुन्या बाजारात भरपूर येतात आणि आकाराच्या मानाने स्वस्त वाटतात. विदर्भ-मराठवाड्याच्या मोठ्या रानांत ती उत्तम चालतात. घाटातल्या खाचरांत ती वळतच नाहीत. आपल्याला रबरी ट्रॅकचं छोटं मशीनच हवं. ते ओल्या रानात कमी रुततं आणि त्याचा भार जमिनीवर पसरतो.

पाहायला जाल तेव्हा

विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा, आम्ही पोहोचण्यापूर्वी इंजिन चालू करू नका. थंड इंजिन कसं उठतं त्यावरून बरंच कळतं. निळा धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइलची डिपस्टिक किंवा ब्रीदर काढल्यावर तिथून धुराचे झोत येत असतील, तर रिंगा-लायनरचं काम जवळ आलंय.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी हीच लोक टाळतात. बहुतेक ट्रॅक मशीनना गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह असतो. मेकॅनिक त्याला एचएसटी म्हणतात. त्याचा पंप झिजलेला असला तरी थंडपणी मशीन झकास पळतं. तेल तापून पातळ झालं की ताकद जाते. म्हणून मशीन अर्धा-पाऊण तास चालवा, टाकीत धान्याची पोती टाका आणि मग चढावर न्या. अर्ध्या चढावर थांबवून पुन्हा पुढे घ्या. इंजिनचा आवाज चढतोय आणि ट्रॅक मात्र रेंगाळतोय, असं झालं तर ते मशीन सोडा. एचएसटीची दुरुस्ती सगळा सौदा महाग करून टाकते. तिथेच पार्किंग ब्रेक लावून पाहा. मशीन इंचभरही सरकता कामा नये.

मग खाली वाका. ट्रॅकला भेगा आहेत का, आतली तार उघडी पडलीय का, लोखंडी दात शाबूत आहेत का, रोलर हलतात किंवा तेल गाळतात का, ते तपासा. स्प्रॉकेटचे (ट्रॅक फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात टोकदार झाले असतील, तर मीटरवर कितीही कमी तास दिसोत, मशीनने भरपूर काम केलंय. तासांचं मीटर बदलता येतं, झीज लपवता येत नाही. घासाघीस करायच्या आधी ट्रॅकच्या नव्या जोडीचा आजचा भाव दुकानातून लेखी घ्या.

ड्रमचे दात पुढच्या कडेने किती झिजलेत, ऑगरची (धान्य पुढे ढकलणाऱ्या मळसूत्राची) पाती सुरीसारखी पातळ झालीत का, धान्याच्या टाकीचा आणि धान्य वर नेणाऱ्या एलिव्हेटरचा तळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर भोक पडतंय का, हेही बघा. कटरबारची पाती आणि बेल्ट खराब असले तर घाबरू नका, ते बदलता येतात. चासीवर, विशेषतः हेडर (पुढचा कापणीचा भाग) जोडलेल्या जागी, वेल्डिंगचे जाड थर दिसले तर मात्र तोडगा विचारू नका, परत या.

कागदपत्रं

आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर मशीनवर स्वतः वाचून जुळवा. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला, आणि मशीन परराज्यातलं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. हे हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. मशीन अनुदानावर घेतलेलं असेल, तर विक्रीवर मुदतीची अट असू शकते. मंजुरीपत्र मागून वाचा.

बांध आणि उतार

बांध नेहमी काटकोनात, अगदी सावकाश आणि टाकी रिकामी करूनच ओलांडा. भरलेली टाकी उंचावर असते, त्यामुळे मशीन चटकन कलंडतं. तिरकं चढवलं की एक ट्रॅक हवेत जातो. बांध उंच असेल तर मातीच्या गोण्या रचा किंवा मजबूत रॅम्प लावा. दगडी तालीवरून (दगड रचलेल्या बांधावरून) मशीन नेऊच नका. टेम्पोत चढवताना रॅम्पवर दिशा बदलायची नाही. चुकलं तर पूर्ण खाली या आणि पुन्हा सरळ धरा. त्या वेळी मशीनच्या मागे किंवा बाजूला कोणी उभं राहता कामा नये, पोरंबाळं तर नाहीतच. टाकीवर कोणाला बसवू नका.

गहू-सोयाबीनच्या उतरत्या रानात चाळणीचा प्रश्न येतो. सूप तिरकं धरलं की दाणे एका कडेला जमतात, तसंच आत होतं: खालच्या बाजूला थर जाड होतो आणि त्यातले दाणे भुशाबरोबर बाहेर पडतात. चढावर जातानाही माल भराभर मागे सरकतो. उपाय एकच, वेग कमी करा.

नुकसान मोजायला सोपी रीत आहे. कापलेल्या पट्ट्यात एक चौरस मीटरची चौकट ठेवून दाणे मोजा आणि न कापलेल्या भागात आधीच गळलेले दाणे त्यातून वजा करा. भाताच्या हजार दाण्यांचं वजन साधारण २० ते २५ ग्रॅम असतं. म्हणजे सगळ्या पट्ट्यात चौरस मीटरला १०० दाणे पडत असतील, तर एकरी ८ ते १० किलो भात जमिनीवर जातंय. मावळात इंद्रायणी ज्या भावाने विकली जाते, त्या हिशेबाने हे मोजणं सोडू नये. आकडा वाढला तर आधी वेग, मग पंख्याची हवा, मग ड्रम, या क्रमाने बदल करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

हंगामातली रोजची कामं

रेडिएटरची जाळी दिवसातून अनेकदा झाडा. तुसाने ती भरली की इंजिन तापतं, आणि डोंगरात मशीन जोरावर चालत असल्याने लवकर तापतं. एअर फिल्टर, ग्रीसचे पॉइंट आणि बेल्टचा ताण सकाळी पाहा. सायलेन्सरभोवती पेंढा साचू देऊ नका, आगी तिथूनच लागतात. अग्निशामक सिलिंडर मशीनवर हवाच.

ट्रॅकचा ताण दोन-तीन दिवसांनी मॅन्युअलप्रमाणे तपासा. ढिला ट्रॅक, उतारावर जागच्या जागी वळण आणि मध्ये दगड, या तिन्ही गोष्टी जुळल्या की ट्रॅक उतरतो. वळायचं ते सपाटीवर, मोठ्या फेरीने. खाचराचे चारही कोपरे आधी हाताने कापून ठेवले तर हे जमतं. संध्याकाळी रोलरमधला चिखल ओला असतानाच धुवा, वाळल्यावर तो सील कापतो. एचएसटीत मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच तेल घाला.

ड्रम किंवा कटरबार चोक झाला तर इंजिन बंद करा, चावी काढून खिशात घाला, सगळं फिरणं थांबू द्या आणि मगच हात घाला. घाईच्या दिवसांत हा नियम मोडला जातो आणि माणसाची बोटं जातात.

हंगाम संपल्यावर

ऑगर आणि एलिव्हेटरची खालची झाकणं उघडून मशीन रिकामं चालवा. आत मूठभर भात राहिलं तरी उंदीर येतात आणि वायरिंग खातात. बेल्ट ढिले करा, कटरबारला ऑइल लावा, हेडर ठोकळ्यांवर टेकवा, डिझेल टाकी भरून ठेवा, बॅटरीची वायर काढा. घाटमाथ्याच्या पावसात ताडपत्री पुरत नाही, पक्कं छप्पर लागतं, आणि ट्रॅकखाली फळ्या. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बॅटरी जोडून मशीन थोडा वेळ चालवा. लागणारे बेल्ट, पाती आणि बेअरिंग गणपतीच्या आधीच मागवून ठेवा. दसऱ्यानंतर दुकानात रांग असते आणि मेकॅनिक फोन उचलत नाही.