शाळेत खगोल मंडळ काढायचंय? मग आधी आकाशदर्शनाची एक रात्र ठरवा

शाळेत क्लब काढायचा म्हटलं की आधी नाव ठरतं, मग लोगो, मग अध्यक्ष-उपाध्यक्ष-सचिव, आणि दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत सगळं थंड पडलेलं असतं. त्यापेक्षा उलटं करा. मुलं, पालक, शिक्षक सगळे ग्राउंडवर जमतील अशी एक रात्र ठरवा आणि तिच्या तयारीला जे येतील तेच तुमचं मंडळ. पदं नंतर वाटता येतात, किंवा नाही वाटली तरी चालतं खरंतर.

तारीख ठरवणं हे सगळ्यात महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग, तेव्हा नकाशे बनवा, वाचा. दिवाळीत धूर. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात भारी पण स्नेहसंमेलन आणि दहावीची पूर्वपरीक्षा तेव्हाच असते, म्हणून शाळेचं वेळापत्रक आणि कालनिर्णय दोन्ही समोर घेऊन बसा. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस सोडून द्या, उजेडात तारे बुडतात. नुसते तारे बघायचे तर अमावस्या उत्तम, पण पहिल्या कार्यक्रमाला मी शुक्ल चतुर्थी ते षष्ठीच सांगेन, कारण चंद्र पहिल्यांदा दुर्बिणीतून बघताना आजी-आजोबासुद्धा ओरडतात, आणि अर्धवट चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं पौर्णिमेपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. शिवाय तो रात्री दहाच्या आसपास मावळायला लागतो.

दुर्बिणीसाठी पैसे गोळा करत बसू नका. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शनाचं हेच काम करतेय, मुंबईत खगोल मंडळ आहे, बऱ्याच गावांत कॉलेजचे हौशी लोक असतात, त्यांना महिनाभर आधी विचारा. कोणाकडे १० बाय ५०ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) असली तर तिला नाही म्हणू नका, स्टँडवर नीट बसवली की गुरूचे चार मोठे चंद्र तिच्यातही दिसतात, म्हणजे गॅलिलिओने १६१० साली पाहिले तेच (अर्थात गुरू त्या दिवसांत संध्याकाळी आकाशात आहे ना ते आधी स्टेलेरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघून घ्या, फुकट मिळतं).

आता रांगेचा हिशोब करा. १०० माणसं, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे एका दुर्बिणीला ५० मिनिटं. तेवढा वेळ बाकीच्यांनी काय करायचं? इथेच कार्यक्रम फसतो, लहान मुलं पळापळी करतात आणि पालक मोबाईल काढतात. म्हणून ग्राउंडवर तीन-चार ठिकाणी नुसत्या डोळ्यांनी बघायचं काम ठेवा आणि प्रत्येक ठिकाण आठवी-नववीच्या दोघांकडे सोपवा. सरांनी तिथे बोलायचं नाही, मुलंच सांगणार.

जानेवारीच्या मध्यात रात्री आठला बघा काय काय मिळतं: पूर्वेकडे वर चढलेलं मृग नक्षत्र, त्यातले ओळीतले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण, ती ओळ खाली लांबवली की व्याध हा ठळक तारा, वर लांबवली की रोहिणी, तिच्या पुढे जवळजवळ डोक्यावर कृत्तिका हा ताऱ्यांचा पुंजका. मृगातला काक्षी हा तारा तांबूस आणि राजन्य हा निळसर पांढरा, हे दाखवून ताऱ्याचा रंग त्याच्या तापमानावरून ठरतो ते सांगायचं. कृत्तिकेत किती तारे दिसतात ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, चष्म्याचा नंबर आणि गावातल्या दिव्यांचा उजेड दोन्ही त्यात कळतात. आणि एका ठिकाणी ध्रुव. सप्तर्षी तेव्हा अजून नीट वर आलेले नसतात, म्हणून शर्मिष्ठा या इंग्रजी एम-डब्ल्यूसारख्या दिसणाऱ्या तारकासमूहावरून शोधा. हात पूर्ण लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, पुण्यात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींना जरा कमी, नागपुरात दोन मुठींहून किंचित वर, आणि ध्रुव जितके अंश वर तितकाच गावाचा अक्षांश, म्हणजे आपल्या गावाचा अक्षांशच मुलांनी मुठीने मोजला! यासाठी उत्तरेला झाडं-इमारती नसलेली जागा मात्र दिवसाच हेरून ठेवा.

टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या फ्लॅशने ती जाते, म्हणून मोबाईल खिशात ठेवा असं गेटवरच सांगा. ग्राउंडचा हॅलोजन बंद करायला शिपाईकाकांशी आधीच बोला, ते घरी गेल्यावर स्विचची खोली बंद असते. हिरवा लेझर फक्त शिक्षकांच्या हातात. आणि दुर्बीण दिवसा लावून ठेवली तर तिच्याजवळ कोणीतरी थांबलंच पाहिजे, सूर्याकडे वळवून कोणी डोळा लावला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

मुख्याध्यापकांकडे जाताना कागद घेऊन जा: वेळ, किती मुलं, कोणते शिक्षक थांबणार (त्यात बाई हव्यातच), पालकांचं संमतीपत्र, कोण कोणाबरोबर घरी जाणार त्याची यादी. मुलींच्या टॉयलेटचा दिवा आणि पाणी स्वतः तपासा. नऊला संपवा, दहावीच्या मुलांचे पालकही मग नाही म्हणत नाहीत.

खाण्याचं साधं ठेवा, गरम पोहे आणि चहा, संक्रांत जवळ असेल तर तिळगूळ. वर्गणी घेऊ नका. पाच-दहा रुपयांसाठी घरी मागायला लाजणारी मुलं येतच नाहीत, आणि मला विचाराल तर हा कार्यक्रम त्यांच्यासाठीच आहे.

ढग आले तर? पर्यायी तारीख संमतीपत्रावरच छापा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळे बसा, चिठ्ठ्यांवरचे आकडे फळ्यावर मांडा, रजिस्टरमध्ये कोणी काय केलं ते लिहा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला हेच आकडे तक्ता करून लावता येतात, वेगळा प्रोजेक्ट शोधावा लागत नाही. मार्चमध्ये ते रजिस्टर आणि लाल टॉर्च आठवीच्या मुलांकडे द्या, कारण नववीची आता दहावीत जाणार आणि जूनमध्ये त्यांना क्लासमधून वेळ मिळणार नाही.