फोन लागत नाही? नंबर लावताना आणि लिहिताना या चुका टाळा

रत्नागिरीच्या एसटी स्टँडजवळ माझा एसटीडी बूथ होता. आता त्याच गाळ्यात रिचार्ज आणि मोबाइल दुरुस्ती चालते. यंत्रं बदलली, पण गिऱ्हाइकाची तक्रार तीच राहिली: "भाऊ, नंबर बरोबर हाय, पण लागतच नाय." बहुतेक वेळा नंबर खरंच बरोबर असतो. चुकलेली असते ती लावायची रीत.

गेल्या मे महिन्यात गणपतीपुळ्याच्या एक काकू आल्या. त्या घरगुती राहण्या-जेवणाची सोय करतात. पुतण्या कुवेतला आहे आणि त्याला घरचा लँडलाइन लागत नव्हता. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट काकूंनी समोर धरला: +९१ ०२३५२ आणि पुढे सहा आकडे. ते सहा आकडे बिनचूक होते. चुका त्यांच्या आधी होत्या, आणि एक नाही, दोन.

पहिली चूक त्या शून्याची. आपल्या देशात कुठलाही पूर्ण नंबर दहा आकड्यांचा असतो. मोबाइलचे दहा आपल्याला पाठच असतात. लँडलाइनचे दहा मात्र दोन तुकड्यांत येतात, गावाचा कोड आणि घरचा नंबर. मुंबईचा कोड २२, म्हणून तिथे घरचा नंबर आठ आकडी. गोव्याचा ८३२, तिथे सात आकडी. रत्नागिरीचा २३५२, चिपळूणचा २३५५, मालवणचा २३६५, म्हणून आपल्याकडे सहा आकडी. कोड लहान तर नंबर मोठा, बेरीज दहाच. ही बेरीज मोजायची सवय लावून घ्या, अर्ध्या चुका कागदावरच सापडतात.

मग ०२३५२ मधलं शून्य कुठून आलं? ते कोडचा भाग नाहीच. 'मला देशातल्या देशात, पण माझ्या भागाबाहेर बोलायचंय' एवढीच खूण ते एक्स्चेंजला करतं. १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्यात देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. त्याआधी बाहेरगावी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल बुक करून ऑपरेटरची वाट बघायची. पुढे ते काम हे शून्य करू लागलं. परदेशातून फोन करताना सुरुवातीला +९१ आलं की भारतात शिरण्याची खूण झाली. त्यानंतर पुन्हा शून्य लावलं की नंबर अकरा आकडी होतो आणि फोन अडतो. म्हणून एक तर शून्य, नाही तर +९१. दोन्ही एकत्र नको.

काही जण उलटी चूक करतात. शून्य काढतात, अधिकचं चिन्ह ठेवतात आणि ९१ विसरतात. मग रत्नागिरीचा नंबर +२३५२ असा सुरू होतो. +२३५ हा आफ्रिकेतल्या चाड देशाचा कोड आहे! मालवणचा नंबर असा लिहिला तर तो +२३६ म्हणजे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाकडे वळतो. अधिकच्या चिन्हानंतर जे आकडे येतात त्यांना यंत्र देशाचाच कोड समजतं, त्याला आपलं रत्नागिरी माहीत नसतं.

काकूंच्या नंबरातली दुसरी चूक मी स्वतःही बूथ नवा असताना केली आहे. गणपतीपुळे रत्नागिरी तालुक्यात, म्हणून ०२३५२ असणार, असं गृहीत धरायचं नाही. तिथला कोड ०२३५७ आहे. कोडचा भाग साधारण तालुक्याएवढा असतो, पण टेलिफोन खात्याची हद्द आणि तहसीलदाराची हद्द प्रत्येक ठिकाणी जुळतेच असं नाही. दापोलीला ०२३५८, गुहागरला ०२३५९. एका तालुक्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका, बिलावर छापलेला कोड बघा.

काकूंच्या अंगणातल्या बोर्डावर तर नुसते सहा आकडे होते. पर्यटक उभा त्याच गावात, पण त्याच्या हातात मोबाइल. मोबाइलला गाव नसतं. मोबाइलवरून शेजारच्या घरातला लँडलाइन लावायचा तरी शून्य आणि कोड हवाच. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावताना आधी शून्य दाबावं लागतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. 'मुंबईचा पोरगा फोन उचलत नाही' म्हणून ती कष्टी होतात आणि फोन मुंबईपर्यंत गेलेलाच नसतो. फोनशेजारच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: मोबाइलच्या आधी शून्य. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, लँडलाइनवरून लँडलाइन लावतानाही, अगदी गावातल्या गावात, शून्य आणि कोडसह पूर्ण नंबर लावावा अशी शिफारस केली आहे. त्यामुळे नवा बोर्ड रंगवायचा असेल तर कोडसकटच रंगवा.

जुन्या पाट्यांवर आणि देवळाच्या पावतीपुस्तकांवर अजून पाच आकडी नंबर दिसतात. सरकारी लँडलाइनच्या पुढे नंतर २ जोडला गेला. पाच आकडी नंबर हाती आला तर २ लावून बघायला हरकत नाही.

आता मोबाइलकडे. '९८ने सुरू होतो म्हणजे अमुक कंपनीचा' हा हिशोब जानेवारी २०११ मध्ये देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली तेव्हाच संपला. तरी रोज कुणी तरी सुरुवातीचे आकडे बघून भलत्या कंपनीचा रिचार्ज मारतो आणि पैसे परत मिळवण्यासाठी हेलपाटे घालतो. माणसाला विचारा, नंबरावरून ओळखू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक चाकरमान्यांची. सड्यावरच्या वाडीत एकाच कंपनीची रेंज येते, म्हणून गणपतीला दुसरं सिम घेतात आणि परतल्यावर ड्रॉवरमध्ये टाकतात. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, आणि पुढचे नव्वद दिवस उलटल्यावर तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. दरम्यान गावच्या बँक खात्याला तोच नंबर जोडलेला असतो. एका गिऱ्हाइकाच्या आईच्या पेन्शन खात्याचे ओटीपी असेच परक्या माणसाकडे जात होते. त्या सज्जन माणसाने स्वतः कळवलं म्हणून कळलं. सिम वापरायचं सोडण्याआधी बँक, गॅस आणि आधारवरचा नंबर बदला. ठेवायचं असेल तर किमान वीस रुपये शिल्लक ठेवा आणि अधूनमधून त्यावरून एखादा फोन करा.

येणाऱ्या नंबरावरूनही थोडं ओळखता येतं. १४० ने सुरू होणारा फोन जाहिरातीचा. बँका आणि सरकारी सेवांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका ठेवली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी 'बँकेतून बोलतोय' म्हणालं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावा.

१९३०, ११२ अशा छोट्या नंबरांना कोड लागत नाही. पण १०७७ लावताना सांभाळा. तो जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा आहे आणि तुम्ही ज्या जिल्ह्यातून लावता तिथे तो वाजतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी चढलं तेव्हा मुंबईतली किती मुलं घरच्यांसाठी फोन फिरवत होती! त्यांच्यापैकी कुणी मुंबईतून १०७७ लावला असता तर तो रत्नागिरीच्या कक्षात वाजला नसता. मुंबईत राहणाऱ्यांनी जिल्हा कक्षाचा पूर्ण लँडलाइन नंबर +९१ आणि कोडसह आजच सेव्ह करावा. होडीवर जाणाऱ्यांनी तटरक्षक दलाचा १५५४ पाठ करावा. किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते, तिथे होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओ संचाचा चॅनेल १६ च कामाला येतो, म्हणून निघण्याआधी जेटीवरच तो संच चालू करून बघा.