घरी बांधलेल्या गाडीचे ब्रेक: सुटे भाग घेण्याआधीची तयारी

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, सगळ्यात शेवटी निवडायचा. बरेच जण उलट करतात: हाताशी आलेला सिलिंडर आधी बसवतात आणि बाकीचं त्याच्याभोवती जुळवत बसतात. म्हणून सुरुवात चाकांपासून करा. पुढच्या-मागच्या प्रत्येक कॅलिपरमध्ये (डिस्कला पॅडने पकडणारा भाग) पिस्टन किती आणि त्यांचा व्यास किती, हे व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. फिक्स्ड कॅलिपर (दोन्ही बाजूंना पिस्टन असलेला) असेल तर पकडीचा जोर काढताना एकाच बाजूचे पिस्टन धरायचे. ऑइल किती लागेल हे काढताना मात्र दोन्ही बाजूंचे.

मग पेडल. पेडल ज्यावर फिरतं त्या पिनपासून पाऊल टेकतं तिथपर्यंतचं अंतर, भागिले पिनपासून पुशरॉडपर्यंतचं (पेडल ज्या दांड्याने सिलिंडर ढकलतं तो) अंतर. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं उपकरण) नसेल तर हे गुणोत्तर साधारण ५ ते ६ ठेवतात. समजा पायाचा जोर ३०० न्यूटन आणि गुणोत्तर ५, म्हणजे पुशरॉडवर १५०० न्यूटन. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १९ मिमी असेल तर दाब सुमारे ५३ बार येतो, तोच २५.४ मिमी घेतला तर ३० बारही येत नाही. मोठा बोअर म्हणजे जास्त ब्रेक, ही समजूत म्हणूनच घातक आहे. मोठ्या बोअरचं पेडल पायाला टणक लागतं आणि कमी खाली जातं, त्यामुळे गाडी उभी असताना सगळं उत्तम वाटतं. रस्त्यावर मात्र पाय दुखेस्तोवर दाबावं लागतं. बोअर फार लहान घेतला तर ऑइल पुरत नाही आणि पेडल तळाला टेकतं. वहीतले पिस्टनचे आकडे इथे कामी येतात.

सर्किट, म्हणजे ऑइलच्या स्वतंत्र वाटा, दोन हवीतच. टँडम सिलिंडर (एकात दोन) घ्या किंवा बॅलन्स बारवर (पायाचा जोर दोघांत वाटणारा दांडा) दोन वेगळे, पण पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत. मागची आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (दाब कमी करणारा) लावायचाच असेल तर मागच्या लाइनवर.

पाइप ४.७५ मिमीचा, स्टीलचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा. नुसत्या तांब्याचा नको, थरथरीने तो कडक होऊन तडकतो. प्रत्येक जोडाचे आटे आणि बसक (पाइपाचं टोक टेकतं ती जागा) तपासा. ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा नट एम १० बाय १ च्या (१० मिमी, १ मिमी अंतराच्या आट्यांच्या) भोकात ढिला जातो, बसल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली आटे सोलतो. दुहेरी फ्लेअर आणि बबल फ्लेअर हे पाइपाच्या टोकाचे दोन आकार, ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

ऑइल डॉट ४ पुरेसं: नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५. डबा ताजा, सीलबंद घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. रबरी सील पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने पुसू नका, ते फुगतात.

कॅलिपर बसवल्यावर ब्लीड निपल (हवा काढायची तोटी) वरच्या टोकाला आहे ना ते बघा, नाहीतर हवा कधीच पूर्ण निघणार नाही. पुशरॉडला किंचित मोकळीक ठेवा. नाहीतर सिलिंडरमधलं परतीचं भोक बंद राहतं आणि ऑइल तापलं की ब्रेक आपोआप लागू लागतात. हवा काढून झाली की पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा: हळूहळू खाली गेलं तर आधी प्रत्येक जोडाला हात फिरवा, सगळं कोरडं असेल तर सिलिंडरचं आतलं सील गेलंय. शेवटची चाचणी गाडी हलवण्याआधीची. एका सर्किटचा निपल उघडा ठेवून पेडल दाबा, मग दुसऱ्याचा. तळाला टेकण्याआधी उरलेलं सर्किट पकडलंच पाहिजे. पकडत नसेल तर बॅलन्स बारची मोकळीक किंवा सिलिंडरचा स्ट्रोक पुन्हा तपासा, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.