व्हिडिओ इंटरव्ह्यू घरून देताय? या चुका टाळा

कुडाळात मी गेली बारा वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवतो. पूर्वी मुंबईचा इंटरव्ह्यू असला की मुलं आदल्या रात्री कोकणकन्या पकडायची. २०२० च्या लॉकडाऊनपासून पहिली फेरी बहुतेक वेळा व्हिडिओवरच होते. गाडीभाडं वाचतं, ही मोठी सोय झाली. पण अभ्यासात चांगली असलेली मुलं दरवर्षी त्याच त्या चुकांनी मागे पडतात, आणि ते बघवत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘रेंज आहे सर’ म्हणून निर्धास्त राहणं.

मालवण तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. घर जुनं, भिंती चिऱ्याच्या आणि जाड. माजघरात रेंज शून्य, पडवीत दोन काड्या. आदल्या संध्याकाळी तिने पडवीत बसून मैत्रिणीला दोन मिनिटं व्हिडिओ कॉल लावला, आवाज-चित्र स्वच्छ. जुलैचा पहिला आठवडा होता. दुसऱ्या दिवशी अकराला इंटरव्ह्यू सुरू झाला आणि दहा मिनिटांत पावसाची सर आली. पडवीवर पत्रे! समोरच्या बाईंनी तीनदा विचारलं, ‘पुन्हा सांगाल का?’ ॲप पत्र्यावरचा आवाज गाळायला गेलं आणि त्यासोबत तिचे शब्दही खायला लागलं. मग चित्र गोठलं. कंपनीला फोन करावा तर नंबर ईमेलमध्ये, आणि नेट नसल्यामुळे ईमेल उघडेना. पंचवीस मिनिटं ती पोर गोठलेल्या स्क्रीनसमोर हात मांडीवर घेऊन बसली होती. नेट आलं तेव्हा तिकडचे लोक निघून गेले होते.

तिला अकाउंट्सचं सगळं येत होतं. म्हणून मला ती गोष्ट अजून लागते.

तेव्हापासून मी मुलांना एकच सांगतो. इंटरव्ह्यू अकराला असेल तर आदल्या दिवशी अकरालाच, त्याच जागेवर, त्याच इअरफोनने, पाऊण तास कॉल करा. दोन मिनिटांच्या कॉलने काही कळत नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली बसूच नका. घरात दुसरी जागा नसेल तर कुडाळ-कणकवलीत कोणा नातेवाइकाकडे जा, आदल्या रात्री मुक्कामालाच जा. एचआरचा, म्हणजे कंपनीत भरती बघणाऱ्यांचा, नंबर वहीच्या कागदावर ठळक लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा. इंटरव्ह्यू सुरू होताच सांगून टाका: ‘मी गावाकडून बोलतोय, कॉल तुटला तर दोन मिनिटांत पुन्हा जोडतो, नाही जमलं तर फोन करतो.’ हे वाक्य बोलायला मुलांना लाज वाटते. का वाटावी? समोरच्या माणसालाही त्याने बरं वाटतं.

मुलं स्पीड तपासतात तेव्हा फक्त डाउनलोडचा आकडा बघतात. तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडवर. झूमवर दोघांच्या कॉलला साधारण ६०० केबीपीएस वेग पुरतो, जास्त स्पष्ट (७२०पी) चित्राला १.२ एमबीपीएस, म्हणजे १,२०० केबीपीएस लागतात, नुसत्या आवाजाला शंभर केबीपीएसच्या आतही भागतं. म्हणून नेट अडखळायला लागलं तर परवानगी विचारून कॅमेरा बंद करा आणि बोलत राहा. घरी वायफाय असेल तर राउटरच्याच खोलीत बसा. वायफायच्या दोन सिग्नलपैकी ५ गिगाहर्ट्झचा चिऱ्याच्या भिंतीपलीकडे फार जात नाही, २.४ चा त्यामानाने बरा. लाईट गेली की राउटर बंद पडतो, त्यामुळे मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघितलेला असावा. तासाभराच्या व्हिडिओला जवळपास १ जीबी जातो. त्या दिवशी सकाळी तुमचा फोन धाकट्या भावाच्या हातात देऊ नका.

आता दुसरी चूक, जिचा मला मनापासून राग येतो. आदल्या रात्री साडेआठला फोन येतो, ‘सर, दहा प्रश्नांची उत्तरं पाठवा ना.’ मग ती उत्तरं, किंवा एआयकडून लिहून घेतलेली, स्क्रीनच्या कडेला उघडून वाचायची. वाचणाऱ्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकतात आणि ओळ संपली की परत मागे येतात. कॅमेऱ्यात ते अगदी स्वच्छ दिसतं.

सावंतवाडीकडचा एक मुलगा असाच वाचत होता. इंग्रजी सुंदर, लय सुंदर. समोरच्या गृहस्थांनी मध्येच थांबवून मराठीत विचारलं, ‘वडिलांचं दुकान आहे ना? उधारीची वही कशी ठेवता?’ ती वही हाच मुलगा आठवीपासून लिहीत आलाय. गिऱ्हाईक, तारीख, जमा, बाकी, सगळं त्याच्या हातातलं. पण नजर स्क्रीनवरच्या उत्तरांत अडकलेली, आणि त्यांत ते नव्हतं. तो गप्प झाला. नंतर माझ्याकडे येऊन रडला.

आपल्याकडचा दशावतार आठवा. नटाच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान माहीत असतं, पुढचं तो उभ्या उभ्या रचतो आणि रात्र काढतो. इंटरव्ह्यूची तयारी अशीच हवी. एका कागदावर पाच-सहा शब्द लिहा, वाक्य एकही नको. माझी सवय अशी की मुलाला सांगतो, ‘आधी आवशीक सांग, मगे माका सांग.’ तू काय शिकलास, काय काम केलंस, हे आईला मालवणीत समजावता आलं की इंग्रजीत चुकतमाकत का होईना, ते तुझंच येतं. याला आठवडा लागतो. एका रात्रीत होत नाही, आणि होतं असं सांगणाऱ्या रील्स बघत बसू नका.

बाकीच्या चुका पटकन सांगतो. खिडकीकडे पाठ करून बसलात तर चेहरा काळा दिसतो, खिडकी समोर घ्या. फोन हातात धरू नका. तांदळाच्या डब्यावर पुस्तकं रचून तो डोळ्यांच्या उंचीला आणा. स्क्रीनवर तुमचं नाव म्हणून चुलतभावाचं किंवा हँडसेटचं नाव येत नाही ना, ते बघा. ॲप आदल्या दिवशीच अपडेट करा, नाहीतर ते दहा अठ्ठावन्नला अपडेट मागतं. कॅमेरा चालू होत नसेल तर मागे दुसरं मीटिंगचं ॲप उघडं आहे का पाहा, ते बंद करा, ब्राउझरची परवानगी तपासा. ब्लूटूथपेक्षा वायरचा इअरफोन बरा. मोबाइलवरून देत असाल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, कारण मध्येच फोन आला की मीटिंगचा आवाज तुटतो. मिक्सर आणि टीव्हीचं घरच्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. इंटरव्ह्यूसाठी कोणी पैसे मागितले तर तो इंटरव्ह्यू नाही, फोन ठेवून द्या.

आणि शेवटी ‘थँक यू’ म्हटल्याबरोबर आईला हाक मारू नका. कॉल अजून चालू असतो, तिकडे ऐकू जातं. ‘लीव्ह’ दाबा, स्क्रीनवरची मीटिंग बंद झालेली डोळ्यांनी बघा, मगच इअरफोन काढा.