पाळीव कुत्र्याची चोरी : या चुका टाळा

कुत्रा चोरीला गेलेला असताना तो हरवल्याची नोंद करून घरी परतणे, ही मालकांची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. केवळ हरवल्याच्या नोंदीवर गुन्हा दाखल होत नाही आणि चोराचा तपासही सुरू होत नाही. साखळी कापलेली आढळली किंवा कोणी कुत्र्याला उचलून नेताना दिसले, तर चोरीचीच फिर्याद द्यावी. कायद्याच्या दृष्टीने पाळीव कुत्रा ही मालकाची जंगम मालमत्ता असल्याने १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ त्याला लागू होते. या कलमात दिलेल्या उदाहरणांपैकी एक तर कुत्र्याचेच आहे : खिशात आमिष ठेवून अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या कुत्र्याला भुलवले, तर तो मागोमाग चालू लागताच चोरीचा गुन्हा पूर्ण होतो. त्यामुळे ‘कुत्रा आपणहून माझ्यामागे आला’ एवढ्या उत्तरावर माघार घेण्याचे कारण नाही.

दुसरी चूक फिर्यादीत किंमत न लिहिण्याची आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मात्र मालमत्तेची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असल्यास गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. म्हणूनच खरेदीची पावती जपून ठेवावी आणि किंमत खरी लिहावी. रस्त्यावरून आणून वाढवलेल्या देशी कुत्र्याची मात्र यात परवड होते, आणि हा मला उघड अन्याय वाटतो, कारण घरच्यांचे दुःख पावतीवरच्या आकड्याप्रमाणे कमी-जास्त होत नसते. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २०२४ च्या कायद्याने कुत्रा-मांजर पळवणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा स्वतंत्र गुन्हा केला आहे. आपल्याकडे निदान कुत्रा राहत्या घरातून चोरला असेल तर कलम ३०५ नमूद करण्याचा आग्रह धरावा. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि किमतीची अट नाही.

कातडीखाली मायक्रोचिप (ओळखीची बारीक चिप) बसवली म्हणजे कुत्र्याचा ठावठिकाणा कळेल, हाही गैरसमज आहे. चिपमध्ये केवळ ओळख क्रमांक असतो आणि तो स्कॅनर जवळ धरल्यावरच वाचता येतो. त्या क्रमांकापुढे आपला जुना फोन नंबर नोंदलेला असेल, तर चिपचा उपयोग होत नाही. महापालिकेचा परवाना, मालकाचे नाव असलेली लसीकरणाची पुस्तिका आणि दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे हे पुरावे आधीच एकत्र ठेवावेत. दुकानाबाहेर कुत्र्याला बांधून आत जाणे कटाक्षाने टाळावे.

समाजमाध्यमांवर आवाहन करताना अंगावरची सगळी ओळखचिन्हे जाहीर करू नयेत. एखादी खूण स्वतःकडे राखून ठेवली, तर पैसे मागणाऱ्या फोनवाल्याकडे खरोखरच कुत्रा आहे का, हे तपासता येते. आगाऊ रक्कम मात्र कधीही पाठवू नये. परिसरातील सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जात असल्याने ते जतन करण्याची लेखी विनंती त्याच दिवशी करावी.

दखलपात्र गुन्हा असूनही ठाण्यात तो नोंदवला गेला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३(४) नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. कुत्रा सापडल्यावर तो मुद्देमाल म्हणून जप्त झाला असेल, तर ताब्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळीही मालकीचे हेच कागद हाताशी असावे लागतात.