परकराला लेस लावायचीये? मग टिकेल अशी लावा

तुळशीबागेत लेसवाले रेडिमेड परकर ढिगाने मिळतात, पण चार धुण्यांत लेस लोंबायला लागते, कारण ती कडेला एकाच टिपेवर टेकवलेली असते. घरी मशीन असेल तर यापेक्षा खूप छान काम होतं, आणि त्यासाठी जुन्या युरोपियन पेटीकोटांकडे बघायचं. तिकडे आतल्या कपड्यांवरची लेस आणि भरतकाम नुसतं नटण्यासाठी नसायचं, झिजणारी जागा सांभाळायचं कामही त्याच्यावरच असायचं. 1870 च्या दशकात मागे जमिनीवर लोळणारे स्कर्ट होते ना, त्यांच्या आतून खालच्या काठाला बलायूज नावाची लेसवाली चुण्यांची झालर टाचायचे, रस्त्याची धूळ तिने खायची, मळली की उसवून धुवायची आणि परत लावायची. आपला साडीचा फॉल तरी दुसरं काय करतो!

आता सामान. कापड सुती पॉपलीन घ्या, साटीनच्या नादी लागू नका, निदान पहिल्यांदा तरी. लेससाठी रविवार पेठ. तिथे हकोबाची सुती पट्टी मागा, म्हणजे पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने भोकांच्या कडा भरलेली. हे काम इंग्लंडमध्ये 1840 नंतर बायकांच्या आतल्या कपड्यांवर आणि लहान मुलांच्या कपड्यांवर सर्रास असायचं, कारण कडा गच्च भरलेल्या असल्यामुळे उकळून धुतलं तरी उसवत नाही. तेव्हा हातानं करायचे, 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्लीने शिफली नावाचं भरतकामाचं मशीन काढलं आणि पुढे ते मीटरवर मिळायला लागलं. दुकानात जीपीओ लेस म्हणून दाखवतात ती वेगळी, ती आधी एका कापडावर भरतात आणि मग ते कापडच विरघळवून टाकतात, खाली जाळी-बिळी काही नसते. दिसते झकास, पण एक जोड तुटला की फूल सुटून येतं, म्हणून ती परकराच्या खालच्या काठाला नकोच.

सुती आहे म्हणून सांगतील, तरी घरी दोन दोरे काढून काडी लावून बघा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो, नायलॉन असेल तर वितळून गोळी होते आणि ती पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये पायाला टोचते ती वेगळीच. घेरापेक्षा पाव मीटर तरी जास्त घ्या आणि शिवण्याआधी कापड आणि लेस दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवा. हे टाळलंत तर पहिल्या धुण्यात एक आटणार, दुसरं नाही, आणि काठ सुरकुतणार.

लेस अगदी काठाला न लावता काठापासून 10 सेंमी वर, मधे बसवा. जोडवी नाहीतर पैंजण घालत असाल तर कळेल का ते, भोकात अडकलं की जिन्यावर बसलाच झटका! यासाठी दोन्ही कडा सरळ असलेली, निदान 3 सेंमी रुंद पट्टी लागते. खडूने रेघ मारा, पट्टी कापडाच्या सुलट बाजूवर सुलटीच ठेवा, आणि आधी खालची कड टाचा. कळीच्या परकराला खाली घेर जास्त आणि वर कमी, त्यामुळे वरची कड थोडी ढिली राहणार, तिला हाताने धावदोरा घालून हलका ओढा, इस्त्री फिरवा, सपाट बसते. मग दोन्ही कडांवर बारीक टीप. आता उलटं करा आणि दोन टिपांच्या मधोमध फक्त मागचं कापड कापा. कात्रीचं बोथट टोक लेसच्या बाजूला ठेवा आणि प्लीज फोनवर बोलत बोलत हे करू नका. दोन्ही फाकी लेसपासून लांब दुमडा, इस्त्री करा, वरून झिगझॅग मारा, उरलेलं छाटा. मागचं कापड गेल्यामुळे भोकं खरी उघडी दिसतात, आणि पट्टीची एकेक कड दोन-दोन शिलायांत पकडली जाते. पट्टीची दोन टोकं मागच्या बाजूला, फुलावर फूल येईल अशी एकावर एक ठेवून फुलाच्या कडेने झिगझॅग करा, सरळ जोड दिला तर लगेच डोळ्यात येतो.

नेफ्याखालची चीर हा परकराचा दुसरा दुखरा भाग, घाईत घातला की फाटत खाली जाते. इथे कॉर्सेटवाल्यांची, म्हणजे कंबर आवळणारे ताठ पट्ट्यांचे कपडे शिवणाऱ्यांची युक्ती कामाला येते. 19 व्या शतकात कॉर्सेटमधल्या पट्ट्या टोकाला कापड फाडून बाहेर येऊ नयेत म्हणून तिथे रेशमाचे उभे-आडवे टाके भरायचे, बऱ्याचदा मुद्दाम वेगळ्या रंगात. तसंच करा: चिरेच्या टोकाला आतून कापडाचा छोटा तुकडा लावा, आडवे चार-पाच लांब टाके घाला आणि त्यांच्यावरून काजाचा टाका गच्च भरत या. लाल दोरा घेतला तर कुणाला दिसणार आहे, पण छान वाटतं.

धुताना नाडीला गाठ मारून जाळीच्या पिशवीत घाला. इस्त्री नेहमी उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल, नाहीतर भरलेलं काम चपटं होतं. आणि टेलरकडेच टाकणार असाल तर "लेस मधे बसवून मागचं कापड कापायचं" हे आधीच सांगा, नाहीतर तो सवयीने वरच्यावर शिवून देतो आणि मग उसवत बसा.